अर्ध्या चांगल्या चिप्सचा संगणक

एप्रिल १९८२ मध्ये केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला, तेव्हा त्याचे दोन भाव होते. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना. स्वस्तातला घेणाऱ्याला लवकरच कळे की १६ केबीतले ६९१२ बाइट पडद्यावरचे चित्रच खाते. प्रोग्रामसाठी उरत जेमतेम ९ केबी. मग उरलेली ३२ केबी नंतर बसवून घेणे आले. जुनी यंत्रे चालती ठेवणारे हौशी आजही हे काम करतात, आणि चिप निवडताना घाई केली तर चांगली चिप हकनाक जाते.

या संगणकात मेमरीचे दोन वेगळे संसार आहेत. खालच्या १६ केबीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप्स. त्यांना +५, +१२ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागतात. वरच्या ३२ केबीसाठी वेगळ्या आठ चिप्स, त्यांना फक्त +५. दोन्ही जातींना पाय सोळाच, आकारही एकच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. खालच्या जागेत आठव्या पायावर १२ व्होल्ट येतात. ४१६४ या पुढच्या पिढीच्या चिपला त्याच पायावर ५ व्होल्ट हवे असतात. ती तिथे बसवून वीज जोडली की संपलीच.

वरच्या ३२ केबीची हकिगत मला या यंत्रातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते. त्या काळी ६४ किलोबिटच्या चिप्स महाग होत्या आणि कारखान्यात त्यांतल्या अनेक सदोष निघत. काहींचा दोष एकाच अर्ध्या भागात असे. डागी आंब्याची चांगली फोड ठेवावी, तसा त्यांचा शाबूत अर्धा भाग ३२ किलोबिटची चिप म्हणून विकला जाई. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४५३२ आणि ओकीची ३७३२ या अशाच चिप्स. सिंक्लेअरने त्या घेतल्या आणि कोणता अर्धा भाग वापरायचा हे ठरवणारी तारेची जोडणी बोर्डावरच ठेवली. टाकाऊ ठरणाऱ्या मालातून सामान्य घराला परवडणारा संगणक उभा करणे, ही मी खरी अभियांत्रिकी मानतो.

म्हणूनच खरेदी करताना चिपवरचा पूर्ण क्रमांक वाचावा, शेवटच्या अक्षरासकट. ओकीच्या चिपवर शेवटी ‘एच’ किंवा ‘एल’ असते, टेक्सासच्या चिपवर ३ किंवा ४. आठही चिप्स एकाच कंपनीच्या आणि एकाच अर्ध्या भागाच्या हव्यात, आणि बोर्डावरची जोडणी त्यांच्याशी जुळली पाहिजे. पूर्ण शाबूत ४१६४ मिळाली तर ही कटकट उरत नाही, कारण तिचे दोन्ही भाग चालतात. फक्त तिच्या माहितीपत्रकात रिफ्रेशच्या, म्हणजे माहिती पुसली जाऊ नये म्हणून सतत ताज्या कराव्या लागणाऱ्या, ओळी १२८ आहेत ना, ते पाहावे. या संगणकातल्या झेड८० प्रोसेसरचा रिफ्रेश गणक ७ बिटांचाच आहे, १२८ ओळींपुढे तो मोजत नाही.

मेमरीबरोबर चार छोट्या चिप्सही लागतात: दोन ७४एलएस१५७, एक ७४एलएस३२ आणि एक ७४एलएस००. हे सगळे इश्यू २, म्हणजे बोर्डाची दुसरी आवृत्ती, आणि त्यानंतरच्या बोर्डांना लागू. पहिल्या इश्यूच्या बोर्डावर या चिप्सना जागाच नाही, तिथे वेगळा जोडबोर्ड लागतो. झाकण उचलताना कीबोर्डच्या दोन चपट्या फिती जपाव्यात. वयाने त्या कडक होतात आणि सहज तुटतात.

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला. स्पेक्ट्रम प्लसमध्ये ४८ केबी आधीपासूनच असतात. असे यंत्र माळ्यावर सापडले, तर वरचे गणित दुरुस्तीसाठी उपयोगी पडते.

काम झाले की बेसिकमध्ये पीक आज्ञेने २३७३२ आणि २३७३३ या पत्त्यांवरचे आकडे वाचावेत. दुसऱ्याला २५६ ने गुणून त्यात पहिला मिळवावा. ६५५३५ आले तर सगळी मेमरी सापडली. ३२७६७ आले, तर संगणक सुरू होतो, पण स्वतःला १६ केबीचाच समजतो. वरच्या आठांपैकी एक जरी चिप खराब असली, तरी एवढे पुरते.