मोबदला कोणाला?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवर गुलामगिरीच्या काळात व तिच्यानंतर जो अन्याय झाला, त्याची भरपाई सरकारने करावी, अशी मागणी पुढे आली, की इतक्या जुन्या दुःखाची किंमत कोणी आणि कशी ठरवावी, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. परंतु माणसाच्या दास्याची किंमत ठरविण्याचे काम त्या सरकारने पूर्वी एकदा केलेले आहे. १६ एप्रिल १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी राजधानी वॉशिंग्टनमधील गुलामांच्या मुक्ततेच्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्याच्या अंमलबजावणीसाठी तीन आयुक्त नेमले गेले, त्यांच्यापुढे दाव्यांचे अर्ज दाखल झाले, आणि एकेका माणसाचे मोल ठरविण्यासाठी बाल्टिमोरहून गुलामांच्या एका व्यापाऱ्यास पाचारण करण्यात आले. सरासरी माणशी ३०० डॉलरच्या मर्यादेत सरकारी खजिन्यातून मोबदला दिला गेला, आणि तो मिळाला मालकांना. जे जन्मभर बिनमजुरी राबले त्यांच्यासाठी तरतूद एवढीच होती, की देश सोडून जाण्यास जो राजी होईल त्याला १०० डॉलरपर्यंत साहाय्य द्यावे.

पुढे १६ जानेवारी १८६५ रोजी सेनापती शर्मन यांनी फर्मान काढून दक्षिण कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावरील जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना, प्रत्येकी ४० एकरांपर्यंत, वाटून देण्याची तजवीज केली. सुमारे ४०,००० माणसे त्या जमिनीवर वसली, त्यांनी नांगर धरला. पण लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष संपण्यापूर्वीच ती जमीन जुन्या मळेवाल्यांकडे परत सोपविण्याचे हुकूम दिले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना कृतज्ञतेने अर्पण केला, तेव्हा ते मुक्त झालेले लोक बहुतांशी भूमिहीन होते आणि पूर्वीच्याच धन्यांच्या शेतांवर खंडाने राबत होते.

अन्याय तेथेच थांबला असता, तर तो केवळ इतिहासाचा विषय झाला असता. १९३० नंतरच्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार करवून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगाने रंगविल्या, त्या कर्जास धोक्याच्या ठरविल्या, आणि गृहकर्जाची जी सरकारी हमी गोऱ्या कुटुंबांना सहज मिळाली ती त्यांना नाकारली. सामान्य अमेरिकन कुटुंबाची मुख्य मालमत्ता म्हणजे त्याचे घर. त्यामुळे ज्यांना हे घर मिळाले नाही त्यांची मुले, नातवंडे आज हयात असून ती उणीव भोगीत आहेत.

अपराध करणारे मरून गेले, मग आजच्या करदात्याने भुर्दंड का सोसावा, हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे. राज्यसंस्था व्यक्तीबरोबर मरत नाही. ब्रिटनने १८३३ च्या कायद्यान्वये गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड दिले. त्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ साली झाली, आणि तोपर्यंत त्या फेडीत वेस्ट इंडीजमधून आलेल्या, गुलामांच्याच वंशजांनी भरलेला करही गेला. मालकांचे देणे जर इतकी वर्षे वारशाने चालू शकते, तर गुलामांचे येणे मुदतबाह्य ठरविण्यास कोणताही न्याय्य आधार उरत नाही.

मार्ग कोणता, हेही अमेरिकेनेच दाखविले आहे. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना तिने छावण्यांत कोंडले होते. १९८० साली काँग्रेसने चौकशी आयोग नेमला. त्याने साक्षी घेतल्या, सरकारी दप्तरे तपासली, आणि या कृत्यामागे लष्करी निकड नसून वंशद्वेष, युद्धज्वर व राजकीय नेतृत्वाचे अपयश होते, असा निर्णय दिला. त्यानंतर १९८८ च्या कायद्याने राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली गेली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देण्यात आले. आधी तपास, मग कबुली, मग क्षमायाचना आणि सर्वांत शेवटी रक्कम, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कारण कबुलीवाचून दिलेला पैसा दान ठरतो, आणि येथे प्रश्न दानाचा नसून हक्काचा आहे.

प्रतिनिधी जॉन कॉन्यर्स यांनी १९८९ साली मांडलेल्या आणि पुढे त्या ४० एकरांच्या स्मरणार्थ ४० हाच क्रमांक धारण केलेल्या विधेयकात एका पैशाचीही मागणी नाही. मागणी आहे ती अशाच चौकशी आयोगाची. चौकशीच टाळीत राहणे हे त्या जुन्या अन्यायाचेच पुढचे प्रकरण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने हे विधेयक प्रथमच संमत केले. संपूर्ण सभागृहात ते अद्याप मतास घातले गेलेले नाही.