धूप, जिन आणि काढा : जुनिपरची गोष्ट

लडाखमध्ये लेहच्या पश्चिमेला, सिंधूच्या खोऱ्यालगत हेमिस शुकपाचन नावाचे गाव आहे. लडाखी भाषेत शुकपा म्हणजे जुनिपर. उघड्याबोडक्या करड्या डोंगरांत या गावाजवळ जुनिपरच्या जुन्या झाडांची राई आहे आणि तिला आपल्याकडच्या देवराईसारखाच मान आहे. शुकपाची वाळलेली पाने निखाऱ्यावर टाकली की राळेसारखा वास पसरतो. गोम्पांत आणि घरोघरी हा धूप फिरवतात. त्याने जागा शुद्ध होते, देवता प्रसन्न होतात, अशी श्रद्धा आहे. हुंझा खोऱ्यातले 'बितान' तर भविष्य सांगण्याआधी हा धूर छातीत भरून घेतात.

गंमत अशी की, तिकडे दूर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही नववर्षाच्या सकाळी घरे आणि गोठे जुनिपरच्याच धुराने भरून टाकण्याची प्रथा होती. प्लेगच्या साथीत युरोपातल्या शहरांत जुनिपर जाळत. रोग घाणेरड्या हवेतून येतो, असा तेव्हाचा समज. मग सुवासिक हवेने तो पळावा, हा तर्क त्या काळाला धरूनच होता. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले, ते १८९८ साली. श्रद्धा आपल्या जागी. पण धूर कशाचाही असो, दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत तो दमेकऱ्याला आणि तान्ह्या बाळाला त्रासच देतो.

जुनिपर हे सायप्रसच्या कुळातले सदाहरित झाड. त्याच्या साठहून अधिक जाती आहेत. त्यांतली 'जुनिपेरस कम्युनिस' ही जात युरोप, उत्तर आशिया, उत्तर अमेरिका आणि आपला हिमालय एवढ्या विस्तीर्ण पट्ट्यात उगवते. कुठे ती माणसाहून उंच होते, कुठे वाऱ्याला घाबरून जमिनीलगत पसरते. नर आणि मादी झुडपे बहुधा वेगवेगळी असतात. बाजारात जिला 'जुनिपर बेरी' म्हणतात ते खरे तर फळच नव्हे. पाइनचा शंकू लाकडासारखा कडक होतो. याच्या शंकूचे खवले मात्र मांसल होऊन एकमेकांना चिकटतात आणि मटारच्या दाण्याएवढी निळी-काळी गोळी तयार होते. ती पिकायला दोन ते तीन वर्षे लागतात, म्हणून एकाच फांदीवर हिरव्या आणि निळ्या गोळ्या शेजारी शेजारी दिसतात. कस्तूर कुळातले पक्षी त्या खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात.

जर्मन स्वयंपाकात ही गोळी मसाला म्हणून पडते. हॉलंडमध्ये तिच्या स्वादाचे मद्य बनले, 'येनेव्हर'. इंग्लंडमध्ये त्याचे 'जिन' झाले. लायडनचे डॉक्टर सिल्वियस यांनी ते औषध म्हणून शोधले असे सर्रास लिहिले जाते, पण त्यांच्या बालपणीच ते विकले जात होते. त्या 'औषधा'ने अठराव्या शतकात लंडनची इतकी दैना केली की १७५१ मध्ये विक्रीवर कडक कायदा करावा लागला. आज गोव्यात बनणाऱ्या एका जिनचे नाव 'हपुसा' आहे, आणि ते नाव थेट आयुर्वेदातून आलेले आहे.

आयुर्वेदातील हपुषा, हिंदी भाषकांचे हाऊबेर, ती हीच गोळी. पोटफुगी, गुल्म, उदर अशा तक्रारींवरच्या जुन्या पाठांत ती येते. युनानी हकीम तिला अबहल म्हणतात आणि अडलेली पाळी आणण्यासाठी देत. युरोपात तिची ख्याती लघवी वाढवणारे औषध अशी. युरोपीय औषध नियामक संस्थेने अपचन आणि मूत्रमार्गाच्या किरकोळ तक्रारींसाठी तिला मान्यता दिली आहे खरी, पण ती दीर्घ परंपरेच्या आधारावर. रुग्णांवरील चाचण्यांतून गुण सिद्ध झाला, असा त्याचा अर्थ नाही.

खरी अडचण 'किडनी साफ होते' या वाक्यात आहे. नळ जोरात सोडला की मोरी धुऊन निघते, तसे मूत्रपिंडाचे नसते. ते दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातले दीड-दोन लिटर तेवढे बाहेर टाकते. धुणे हेच त्याचे काम. जुनिपरच्या तेलातील टर्पिनेन-४-ऑल या घटकामुळे लघवी वाढते असे मानतात. या तेलाने मूत्रपिंडाला इजा होते, हा जुना आरोप उंदरांवरच्या प्रयोगांत सिद्ध झालेला नाही. तरीही ज्याचे मूत्रपिंड आधीच थकले आहे, त्याने हा काढा किंवा तेल घेऊ नये. पायावर सूज आली की काढा सुरू करायचा आणि महिनाभराने क्रिएटिनिन तपासायचे, यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. सूज हृदयाची, यकृताची की मूत्रपिंडाची, हे आधी कळायला हवे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर सोबत हा काढा नकोच.

गर्भवतींनी तर जुनिपरपासून दूरच राहावे. कम्युनिसची भावंड जात 'जुनिपेरस सबिना' उघड विषारी आहे. तिच्या फांद्यांचे तेल युरोपात शतकानुशतके चोरून गर्भपातासाठी वापरले गेले आणि त्यात अनेक बायकांचा जीव गेला. गर्भ पडो न पडो, विषबाधा व्हायचीच. याच झाडाच्या पानांत पोडोफायलोटॉक्सिन सापडते. ज्या द्रव्यापासून कर्करोगावरचे इटोपोसाइड बनवतात, ते हेच. पण शिरेतून मोजून दिलेले औषध वेगळे आणि घरात उकळलेला पाला वेगळा.

जंगलात या दोन जाती जाणकाराला ओळखता येतात. तेल काढून बाटलीत भरले की डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. म्हणून ऑनलाइन मागवलेल्या बाटलीवर नुसते 'जुनिपर ऑइल' असेल, पूर्ण शास्त्रीय नाव आणि झाडाचा कोणता भाग वापरला ते नसेल, तर ती परत पाठवावी. नाव नीट असले, तरी ते तेल पोटात घ्यायचे नाही.