स्त्रियांची गुन्हेपरावृत्ती

गुन्हे केलेल्या स्त्रीने गुन्हेगारी वर्तन सोडून देणे आणि पुढेही त्यापासून दूर राहणे, या प्रक्रियेस स्त्रियांची गुन्हेपरावृत्ती असे म्हणतात. गुन्हेशास्त्रात ही प्रक्रिया 'डिझिस्टन्स' या नावाने ओळखली जाते. ती सहसा एका निर्णयाने पूर्ण होत नाही. तीत पुन्हा घसरण्याचे प्रसंगही येतात.

पार्श्वभूमी

या विषयाचे आरंभीचे बरेचसे संशोधन पुरुषांविषयी होते. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाऊब यांनी १९९३ मध्ये मांडलेला सिद्धान्त अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील मुलग्यांविषयीच्या माहितीवर आधारलेला होता. स्थिर नोकरी आणि जिव्हाळ्याचा विवाह यांमुळे मनुष्य गुन्ह्यांपासून दुरावतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ओहायोतील अभ्यास

पेगी जॉर्डानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील सुधारगृहांत असलेल्या मुलामुलींच्या मुलाखती १९८२ मध्ये घेतल्या व १९९५ मध्ये त्यांतील बहुतेकांना पुन्हा गाठले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विवाह आणि नोकरी यांचा परावृत्तीशी ठळक संबंध आढळला नाही. त्याऐवजी विचारांतील बदलाचे चार टप्पे मांडण्यात आले:

• बदलाची मानसिक तयारी
• बदलास आधार देणारी संधी किंवा नाते
• स्वतःची नवी ओळख
• पूर्वीच्या वर्तनाविषयी बदललेली दृष्टी

स्त्रियांनी बदलाचे कारण म्हणून अपत्ये आणि धर्मश्रद्धा यांचा उल्लेख पुरुषांपेक्षा अधिक केला.

नात्यांची भूमिका

नाते स्वतःहून स्त्रीला गुन्ह्यापासून सोडवत नाही. जोडीदारच गुन्हेगारीत असल्यास तेच नाते तिला तेथे जखडून ठेवते. मातृत्वाचेही तसेच आहे. 'मी आई आहे' ही ओळख तिने मनोमन स्वीकारली आणि भोवतालच्या लोकांनी मान्य केली, तरच तिला बळ येते. मूल दुरावल्यास आणि 'गुन्हेगार' हा शिक्का कायम राहिल्यास ही ओळख टिकवणे कठीण होते.

भारतातील तरतूद

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील निर्देशांनुसार कारागृहातील स्त्रीला सहा वर्षांपर्यंतचे मूल सोबत ठेवता येते. त्यानंतर मूल समाजकल्याण विभागाच्या देखरेखीखाली गेल्यास आठवड्यातून किमान एकदा मायलेकरांची भेट घडवावी, असेही त्यांत म्हटले आहे. हे निर्देश प्रामुख्याने बालकाच्या हितासाठी असले, तरी त्यांमुळे शिक्षेच्या काळात स्त्रीचे आईपण अखंड राहण्यास आधार मिळतो.