मेमरी कार्ड झिजते ते लिहिण्याने

शुगर लँड (टेक्सास) : कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणे, बागेतील तापमान नोंदवणे, घरच्या वायफायवरील जाहिराती गाळणे अशा कामांसाठी रास्पबेरी पायसारखे छोटे लिनक्स संगणक अनेक घरांत अहोरात्र चालू असतात. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या या संगणकाची सारी भिस्त सहसा नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर असते. ते निकामी झाले की संगणक धडधाकट असूनही बंद पडतो आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी हातच्या जातात.

फ्लॅश मेमरीत माहिती सूक्ष्म पेशींत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपाने राहते. वाचल्याने पेशी फारशी झिजत नाही. परंतु नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते आणि या प्रत्येक फेऱ्यात पेशीतील विद्युतरोधक थर किंचित क्षीण होतो. शिवाय एखादेच अक्षर पुसता येत नाही. पेशींचा संपूर्ण गट एकदम पुसावा लागतो. म्हणूनच शंभर अक्षरांची नोंदसुद्धा कार्डावर कितीतरी पट अधिक लेखन घडवते.

याचे ठळक उदाहरण टेस्लाच्या मोटारींत दिसले. जुन्या मॉडेल एस व मॉडेल एक्स गाड्यांच्या मधल्या पडद्यामागे लिनक्सवर चालणारा संगणक आणि ८ जीबी फ्लॅश मेमरी होती. तिचे आयुष्य सुमारे ३,००० फेऱ्यांचे. ते संपले की पडदा बंद पडे आणि त्यासोबत मागच्या कॅमेऱ्याचे चित्रही जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने आग्रह धरल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या.

हिशेब सोपा आहे. ८ जीबी गुणिले ३,००० म्हणजे २४,००० जीबी. रोज १ जीबी लिहिले तर ही मेमरी ६५ वर्षे पुरावी. मात्र प्रत्यक्ष लेखन दहापट होत असेल, तर साडेसहा वर्षांतच तिचा शेवट होतो.

तेव्हा प्रथम कोण किती लिहितो ते पाहावे. ‘आयओटॉप’ हा प्रोग्राम ते दाखवतो. कार्डावरील स्वॅप बंद करून ‘झेडरॅम’ वापरावा. फाइल वाचल्याची वेळ नोंदवणे ‘नोएटाइम’ या पर्यायाने थांबवावे. तापमानाची नोंद दर सेकंदाऐवजी दर पाच मिनिटांनी केली तरी बहुधा काही बिघडत नाही. कॅमेऱ्याचे चित्रण यूएसबीने जोडलेल्या एसएसडीवर न्यावे. कार्ड घ्यायचेच तर सततच्या चित्रणासाठी बनवलेले, गरजेपेक्षा मोठे घ्यावे. मोठ्या कार्डात झीज अधिक पेशींत विभागली जाते.

यंत्रणेच्या लॉग फाइल्स रॅममध्ये ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक. पण रॅममधील मजकूर वीज जाताच नाहीसा होतो, आणि आपल्या भागात ही भीती काल्पनिक नाही. ८ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळाने ह्यूस्टन परिसरातील २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली. लेखन चालू असताना वीज गेली, तर नवे कार्डही बिघडू शकते.

म्हणून नोंदींची आधी विभागणी करावी. गमावल्या तरी चालतील अशा नोंदी रॅममध्ये ठेवाव्यात. जपायच्या नोंदी ठरावीक वेळाने एसएसडीवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाठवाव्यात. ज्या संगणकाला काहीच जपायचे नाही, त्याचे कार्ड ‘ओव्हरले’ व्यवस्थेने केवळ वाचण्यापुरते खुले ठेवता येते. सोबत लहान यूपीएस असावा आणि वीज जाताच संगणक रीतसर बंद होईल अशी योजना करावी.

एवढे करूनही कार्ड कधीतरी संपणारच, आणि बहुतेक एसडी कार्डे तशी पूर्वसूचना देत नाहीत. त्यामुळे जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी संपूर्ण कार्डाची एक प्रत काढावी, आणि त्या प्रतीवरून संगणक खरोखर सुरू होतो की नाही, हेही एकदा तपासावे.