यीस्टचे कुळ सांगणारे पेशीरसायन

पाव फुगविणारे, ताडी आंबविणारे आणि रुग्णाच्या रक्तात शिरून त्याच्या जिवावर उठणारे यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच दिसतात. गोल वा लांबट पेशी आणि बहुतेकांना फुटणारा अंकुर, एवढेच त्यांचे रूप. पान, फूल, फळ पाहून वनस्पती ओळखावी, तशी येथे सोय नाही. म्हणून कोणती शर्करा आंबते व कोणती पचते, यावरून जाती ठरविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. परंतु एखाद्या जनुकातील लहानशा बदलानेही हा गुण लोपू शकतो. परिणामी एकाच जातीला अनेक नावे पडली, तर भिन्न जाती एका नावाखाली आल्या.

पेशीतील खुणा

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ पेशीच्या घडणीकडे वळले. श्वसनक्रियेत भाग घेणाऱ्या ‘को-एन्झाइम क्यू’ या द्रव्याच्या रेणूला आयसोप्रीन घटकांची साखळी असते. पावाच्या यीस्टमध्ये हे घटक ६, कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये ९, तर आफ्रिकेतील बाजरीच्या मद्यातून वेगळ्या केलेल्या शायझोसॅकरोमायसीस पोंबेमध्ये १० असतात. पेशीभित्तिकाही बोलकी असते. डायझोनियम ब्लू बी या रसायनाने काही यीस्टच्या वसाहती गडद लाल होतात. ते भूछत्रांच्या गटातील, म्हणजे पावाच्या यीस्टपासून दूरच्या कुळातील, असे समजते. क्रिप्टोकॉकसच्या पेशींत झायलोज ही शर्करा आढळते. रोडोटोरुलात ती नसते.

अर्थात, दोन यीस्टमधील साखळी सारखी असली म्हणजे त्यांची जात एकच, असे नव्हे. ही खूण कुळ दाखविते. जातीचा निर्णय डीएनएच्या तुलनेने होतो. १९९८ मध्ये कर्ट्झमन व रॉबनेट यांनी सुमारे ५०० जातींच्या एका जनुकातील सुमारे ६०० घटकांचा क्रम ताडून पाहिला. तेव्हापासून हे काम पुष्कळ सुलभ झाले.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्व

नाव चुकले की उपचार चुकू शकतो. कॅन्डिडाच्या गंभीर संसर्गावर दिली जाणारी एकायनोकँडिन वर्गातील औषधे क्रिप्टोकॉकसवर निरुपयोगी ठरतात. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानात प्रथम आढळलेली कॅन्डिडा ऑरिस ही जाती फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला बहुधा दाद देत नाही. पचनाच्या चाचण्यांवर आधारलेल्या संचांनी तिला अनेकदा दुसरीच जाती ठरविले. भारतीय रुग्णालयांतही ती आढळली आहे. आज पेशीतील प्रथिनांचे वस्तुमान मोजणारे ‘माल्डी-टॉफ’ यंत्र, त्याच्या संग्रहात त्या जातीची नोंद असल्यास, वाढविलेल्या वसाहतीवरून काही मिनिटांत तिचे नाव सांगते.

ही निकड उद्योगांनाही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह असून तेथे यीस्टही जतन केले जातात. अशा संग्रहातील प्रत्येक कुपीचे मोल तिच्यावरील नाव अचूक असण्यावर अवलंबून असते. त्या अचूकतेचा पाया पेशीच्या रसायनात आहे.