वजन किती उचललं यापेक्षा स्नायू किती ताणला गेला, तेही बघा

बेळगाव : संध्याकाळी कुठल्याही जिममध्ये डोकावा, एक गोष्ट हमखास दिसते. बारला प्लेटा भरपूर आणि हालचाल मात्र अर्धी. बायसेप्सचं वजन खाली पूर्ण येतच नाही, बैठक मध्येच थांबते. वजन जास्त म्हणजे शरीर लवकर बनणार, असा सरळ हिशोब. पण गेल्या काही वर्षांतलं संशोधन सांगतं की, भार पडताना स्नायू आखडलेला आहे की ताणलेला, यानेही वाढीत फरक पडतो.

ताणलेला म्हणजे कसा?

हात सरळ खाली सोडला की बायसेप्स लांब होतो, कोपर दुमडलं की आखूड. म्हणजे एकाच व्यायामात दोन्ही अवस्था येतात. वजन खाली सोडायचा जो भाग बरेच जण गाळतात, तोच नेमका ताणाचा भाग असतो.

काही स्नायू दोन सांध्यांवरून जातात. तिथे बसायची किंवा उभं राहायची पद्धत बदलली तरी स्नायूची लांबी बदलते.

आकडे काय सांगतात?

जपानमधल्या संशोधकांनी एक सोपी युक्ती वापरली. एकाच माणसाचा एक पाय एका पद्धतीने, दुसरा पाय दुसऱ्या पद्धतीने, असा 12 आठवडे व्यायाम दिला आणि एमआरआय काढून स्नायू मोजले.

2021 मध्ये लेग कर्लचा निकाल आला. बसून लेग कर्ल केलेल्या पायात मांडीच्या मागच्या स्नायूंचा आकार सुमारे 14 टक्क्यांनी वाढला, पालथं झोपून केलेल्या पायात 9 टक्क्यांनी. बसल्यावर कमरेत वाक येतो आणि हे स्नायू वरच्या बाजूने ताणले जातात, एवढाच काय तो फरक.

पोटरीचा निकाल तर डोळे उघडणारा आहे. गुडघा सरळ ठेवून, उभं राहून केलेल्या काफ रेजने पोटरीच्या वरच्या ठळक स्नायूचे दोन भाग सुमारे 9 आणि 12 टक्के वाढले. बसून केलेल्या पायात ही वाढ 2 टक्क्यांच्याही आत राहिली, कारण गुडघा वाकला की हा स्नायू सैल पडतो. खालच्या स्नायूची वाढ मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच होती.

दंडाच्या मागच्या ट्रायसेप्सवर एक-एक हात घेऊन असाच प्रयोग झाला. हात डोक्यावर नेऊन केलेल्या व्यायामाने सुमारे 20 टक्के वाढ, हात शरीराजवळ ठेवून 14 टक्के. विशेष म्हणजे डोक्यावरच्या व्यायामात वजन कमी वापरलं होतं.

असं का होतं?

स्नायूच्या तंतूंमध्ये टायटिन नावाचं स्प्रिंगसारखं प्रथिन असतं. स्नायू ताणला की तेही ताणतं, त्यामुळे तंतूंवर जादा ताण येतो आणि वाढीचा इशारा मिळतो, असा एक अंदाज आहे. नेमक्या कारणावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

म्हणून अतिरेक नको

हे वाचून कुणी फक्त खालचीच अर्धी हालचाल धरून बसू नये. आधीपासून व्यायाम करणाऱ्यांवरचा एक अभ्यास 2025 मध्ये आला. त्यात फक्त ताणलेल्या भागातला व्यायाम आणि पूर्ण हालचाल, दोन्हींची वाढ जवळपास सारखीच निघाली. शिवाय यातले बहुतेक प्रयोग दोन-तीन महिन्यांचे आणि मोजक्या लोकांवरचे आहेत. तेव्हा सरळ अर्थ एवढाच : हालचाल पूर्ण करा, ताणाचा भाग गाळू नका.

तालमीतल्या जोर-बैठका करणाऱ्यांना हे नवीन नाही. जोरात छाती जमिनीलगत जाते, बैठकीत माणूस पार खाली बसतो. अर्ध्या आणि पूर्ण स्क्वॉटची तुलना 2019 मध्ये झाली. पुढच्या मांडीला दोन्हींचा फायदा सारखाच झाला, पण नितंब आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू पूर्ण स्क्वॉटने दुपटीहून जास्त वाढले.

सुरुवात कशी करावी?

आधी वजन उतरवा. पूर्ण हालचालीत नेहमीचं वजन झेपत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वजन सावकाश खाली न्या, झटका देऊन उसळू नका. ताणलेल्या स्नायूवर भार आला की पहिले काही दिवस अंग जास्त ठणकतं, म्हणून सेट कमी ठेवून हळूहळू वाढवा. पण खांद्यात किंवा गुडघ्यात कळ येत असेल तर ते अंग ठणकणं नव्हे. तिथे थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

नवीन मशीन नको, पावडरचा जादा डबाही नको. बारच्या दोन प्लेटा तेवढ्या उतरवाव्या लागतील.