सौर विजेची बॅटरी : निवड आणि निगा

सूर्यप्रकाशापासून वीज होते, यांत आतां कोणास नवल वाटत नाहीं. तळोद्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या कुशींत वसलेल्या पाड्यांपासून तापीकांठच्या मळ्यांपर्यंत छपरांवर सोलर पॅनेलें दिसूं लागलीं आहेत. परंतु पॅनेल वीज देतें तें दिवसां, आणि दिव्याची गरज पडते ती रात्रीं. हें अंतर भरून काढण्याचें काम बॅटरीचें. पॅनेल वीस-पंचवीस वर्षें टिकतें. बॅटरी मात्र कित्येक घरीं दोन-तीन वर्षांतच निकामी होते, आणि ‘सोलर बिघडलें’ असें म्हणून लोक त्याचा नाद सोडून देतात. वास्तविक अशी बॅटरी म्हातारपणानें मेलेली नसते. ती बहुधा उपासानें किंवा उष्म्यानें मेलेली असते. हें कसें घडतें, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम आपणांस बॅटरी हवी आहे काय, हें पाहावें. साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें २०१३ सालीं १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. तेथील वीज सरळ तारांच्या जाळ्यांत सोडली जाते. २०२४ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेखालीं घरावर पॅनेल बसविणाराची उरलेली वीजहि अशीच जाळ्यांत जाते व मीटर तिचा हिशेब ठेवतो. येथें बॅटरीवांचून अडत नाहीं. मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. गांवची वीज गेली, कीं बॅटरी नसलेल्या अशा घरचें पॅनेलहि भर उन्हांत निरुपयोगी होतें. तारा दुरुस्त करणाऱ्या माणसास उलट दिशेनें आलेल्या विजेचा धक्का बसूं नये, म्हणून यंत्रांतच तशी योजना केलेली असते. तेव्हां ज्याच्या घरीं वीज वारंवार जाते, अथवा ज्याच्या पाड्यावर तारा पोंचल्याच नाहींत, त्यानें पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा.

बॅटरी केवढी घ्यावी, याचा हिशेब दुकानांत नव्हे, घरीं करावा. समजा, एका घरीं ९ वॅटचे चार दिवे पांच तास लागतात; हे १८० वॅट-तास झाले. जुन्या पद्धतीचे ७५ वॅटचे दोन पंखे आठ तास फिरले, तर त्यांचे १,२००. मोबाइलसाठीं २० धरावे. एकूण १,४००. इन्व्हर्टरमध्यें कांहीं वीज वायां जाते, म्हणून बॅटरींतून सुमारें १,६५० वॅट-तास काढावे लागतील. शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक वीज काढूं नये, असा नियम आहे. म्हणून बॅटरीची धारणा ३,३०० हवी. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी १,८०० वॅट-तासांची. म्हणजे अशा दोन लागल्या. आतां तेच दोन पंखे ३० वॅटचे, बीएलडीसी जातीचे, घेतले तर एकूण गरज ६८० वर येते, नुकसानीसह ८०० धरली तरी एकच बॅटरी पुरते! पंखे बदलणें हें एक बॅटरी विकत घेण्याहून स्वस्त पडतें. दुकानदार हें सहसा आपण होऊन सांगत नाहीं.

बॅटरीच्या मुख्य जाती दोन. शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली, आणि तिचें मूळ तत्त्व आजहि तेंच आहे. पातळ गंधकाम्लांत शिशाचे व शिशाच्या ऑक्साइडचे पत्रे बुडविलेले असतात. वीज काढूं लागलों, कीं दोन्ही पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो व आम्ल पातळ होत जातें; वीज भरली कीं तो थर विरघळतो. पण रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर त्या थराचे कठीण खडे बनतात व मग ते कितीहि वीज भरली तरी पुरते विरघळत नाहींत. वर ‘उपास’ म्हटला तो हाच. सौर कामास ट्युब्युलर पत्र्यांचीच बॅटरी घ्यावी. मोटारीची घेऊं नये, कारण ती क्षणभर मोठा जोर देण्यासाठीं केलेली असते, रात्रभर झिरपण्यासाठीं नव्हे. धारणेचा आंकडा दहा तासांच्या हिशेबानें दिला आहे कीं वीस तासांच्या, तेंहि विचारावें. वीस तासांच्या हिशेबाचा आंकडा फुगलेला दिसतो.

दुसरी जात लिथियम-लोह-फॉस्फेटची. लिथियमच्या बॅटरींवरील कामाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हिच्यांतून ८० टक्के वीज बिनघोर काढतां येते. त्यामुळें वरील काटकसरी घरास १२.८ व्होल्ट व १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी पुरेल. हिला पाणी लागत नाहीं, अर्धपोटीं राहिल्यानें ती बिघडत नाहीं, आणि शिशाची बॅटरी हजार-दीड हजार वेळां भरतां येते, तेथें ही तीन हजारांहून अधिक वेळां भरतां येते. किंमत मात्र आरंभीं जास्त, आणि चार्जर तिला मानवणारा लागतो. ज्यास एकरकमी खर्च झेपेल, त्यानें हीच घ्यावी, असें मला वाटतें. ज्यास तो झेपत नाहीं, त्यानें शिशाची घेऊन तिची निगा राखावी. तींत कमीपणा नाहीं.

निगेंत पहिली गोष्ट उष्म्याची. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांस शिशाच्या बॅटरीचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा ढोबळ हिशेब आहे. आपल्याकडे मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखालीं माळ्यावर तर त्याहून अधिक. म्हणून बॅटरी घरांतल्या सर्वांत थंड कोपऱ्यांत, लांकडी फळीवर, जमिनीलगत ठेवावी. तेथें वारा मात्र खेळता हवा, कारण भरतांना तिच्यांतून हायड्रोजन निघतो. जवळ चूल किंवा उदबत्तीहि नको. पाणी घालावयाचें तें डिस्टिल्डच, आणि बॅटरी पूर्ण भरल्यावर, खुणेपर्यंत. विहिरीच्या पाण्यांतील क्षार पत्रे खराब करतात. आम्ल कधींहि वरून घालूं नये. हायड्रोमीटरचा आंकडा १.२० च्या खालीं आला, कीं निम्मी वीज संपली असें समजून पंखे बंद करावे.

पावसाळ्यांत ही शिस्त विशेष पाळावी लागते. एरव्हीं ३०० वॅटचें पॅनेल दिवसास १,२०० वॅट-तासांपर्यंत वीज देतें. झड लागली कीं त्याच्या निम्मीहि मिळत नाहीं. अशा आठवड्यांत दिवे तेवढे लावावे.

आपल्या भागांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात, आणि घर कित्येक महिने बंद राहतें. जातांना पॅनेलची तार सोडून ठेवली, तर शिशाची बॅटरी परत येईपर्यंत उपासानें मरते. म्हणून पाणी खुणेपर्यंत भरावें, दिवे-पंख्यांची तार काढावी, पॅनेल व त्याचा चार्ज-कंट्रोलर चालूं ठेवावा, आणि मधून पाणी पाहण्यास शेजाऱ्यास सांगून ठेवावें. लिथियमची असेल तर उलट. ती अर्धी भरून बंद करून ठेवावी.

निकामी झालेली बॅटरी घरीं फोडूं नये. शिसें वितळवितांना निघणारा धूर व धूळ विषारी असून मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करते. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणें जुन्या बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; शिवाय शिशास मोल असल्यामुळें नवी घेतांना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो.